अंध वाचक, संगणक आणि आपले लेखन

(तालुका प्राथमिक शिक्षक परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणन आणि पटनोंदणी या नेहमीच्या विषयांवर पुष्कळ ऊहापोह झाला. माझ्याकडे जो विषय सोपविण्यात आला आहे तो प्रथमदर्शनी आपल्या शाळेपासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. संगणकावरील संकेतस्थळे, आज्ञावली आणि मोबाइलवरून फिरणारा मजकूर अंध माणसांना स्वतःच्या स्वतः वापरता यावा म्हणून तो कसा तयार करावा, हा तो विषय होय. हे काम शहरातील अभियंत्यांचे आहे. खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या रोजच्या कामातच आहे. आज प्रत्येक शिक्षक लेखक झाला आहे आणि प्रकाशकही झाला आहे. तो प्रश्नपत्रिका संगणकावर तयार करतो, स्वाध्याय पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवितो, माहिती गोळा करण्यासाठी ऑनलाइन फॉर्म बनवितो, पाठाची चित्रफीत काढून ती सर्वांना खुली करतो. जो लिहितो त्याने वाचणाऱ्याचा विचार करावा, हा धडा आपण मुलांना पत्रलेखन शिकविताना देतोच. आपल्या वाचकांत डोळ्यांनी न वाचणारेही आहेत, एवढीच गोष्ट त्या धड्याला जोडावयाची आहे.

अंध माणूस संगणक कसा वापरतो?

अंध व्यक्ती वाचते कशी, याचा थोडक्यात मागोवा घेऊ. फ्रान्समधील कूव्रे या लहान गावी १८०९ साली लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर व साज तयार करणारे कारागीर होते. त्यांच्या कामाच्या जागेत खेळताना तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्याला हत्याराने इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. याच लुईने १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सहा उठावदार ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी एकच समान ब्रेल असावी असे ठरून १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. ब्रेलचे उपकार मोठे आहेत. परंतु ब्रेल पुस्तके आकाराने अवाढव्य असतात, ती थोडी छापली जातात, आणि आज सकाळी निघालेले परिपत्रक ब्रेलमध्ये संध्याकाळपर्यंत हाती पडणे जवळजवळ अशक्य असते.

ही अडचण संगणकाने दूर केली. संगणकाच्या पडद्यावर असलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणजे पडदावाचक असे म्हणतात. आय.बी.एम. या कंपनीने अशी आज्ञावली १९८६ साली तयार केली. अमेरिकेतील टेड हेन्टर हे मोटारसायकल शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ १९७८ साली मोटार अपघातात अंध झाले. त्यांच्या कंपनीने १९८९ साली ‘जॉज’ हा पडदावाचक आणला. तो उत्तम होता, पण त्याची किंमत सामान्य माणसाला झेपणारी नव्हती. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाचा पडदावाचक लिहावयास घेतला. जेम्स टेह हा त्याचा मित्र, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. हा पडदावाचक विनामूल्य आहे, कोणीही तो उतरवून घ्यावा, आणि तो मराठीही वाचतो. मोबाइलवर २००९ सालापासून अशीच सोय झाली. आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ या नावाने ती मिळते. म्हणजे या सभागृहात बसलेल्या बहुतेक प्रत्येकाच्या खिशात एक पडदावाचक आहे; केवळ तो सुरू केलेला नाही.

आता तो चालतो कसा, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारण पुढील सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. अंध माणूस माऊस वापरत नाही, कारण बाण कोठे आहे ते त्याला दिसत नाही. त्याचे सर्व काम कळफलकावर चालते. टॅबची कळ दाबली की तो एका बटनावरून किंवा रकान्यावरून पुढच्यावर जातो. बाणाच्या कळांनी एकेक ओळ, एकेक शब्द, प्रसंगी एकेक अक्षर ऐकतो. एन.व्ही.डी.ए. वापरताना संकेतस्थळावर रोमन ‘एच’ ही कळ दाबली की पुढचे शीर्षक, ‘टी’ दाबली की पुढचा तक्ता, ‘के’ दाबली की पुढचा दुवा वाचला जातो. सरावलेला माणूस आवाजाची गती इतकी वाढवितो की आपल्याला त्यातला एक शब्दही उमगू नये.

डोळ्याला एका दृष्टिक्षेपात सबंध पान दिसते. कानाला एका वेळी एकच ओळ ऐकू येते. पानावर काय कोठे आहे हे डोळस माणूस अक्षरांच्या जाडीवरून, रंगावरून, मोकळ्या जागेवरून ओळखतो. अंध माणसाला हे सारे कोणीतरी मजकुरातच नोंदवून ठेवावे लागते. पडदावाचक पडद्याकडे पाहत नाही. पडद्यामागे जो मजकूर, जी नावे आणि जी रचना साठविलेली असते, तीच तो बोलून दाखवितो. जे लिहिले आहे ते तो वाचतो. जे नुसते दिसते ते त्याच्या लेखी नसतेच. आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल तर ते हे ठेवावे.

वाचन कोठे अडते?

पहिला आणि सर्वांत मोठा अडसर म्हणजे मजकुराचे छायाचित्र. परिपत्रक टंकलिखित होते, छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, मग त्याचा मोबाइलवर फोटो काढला जातो आणि तो गटांगटांतून फिरतो. डोळस माणसाला त्यात काही उणे दिसत नाही. पडदावाचक मात्र त्या ठिकाणी ‘फोटो’ एवढाच शब्द उच्चारून पुढे जातो. स्कॅन करून केलेल्या पी.डी.एफ.ची गतही तीच. गंमत अशी की मूळ मजकूर संगणकावर अक्षररूपाने तयार झालेला असतोच. आपणच श्रम घेऊन त्याचे चित्र बनवितो.

येथे कोणी म्हणेल, आता चित्रातील अक्षरे ओळखणारी आणि चित्राचे वर्णन करणारी यंत्रे निघाली आहेत. ती निघाली आहेत, आणि अंध बांधवांना त्यांचा पुष्कळ उपयोगही होतो. परंतु ती यंत्रे अंदाज करतात. वाकडा फोटो, पुसट छपाई, अक्षरांवर आलेला शिक्का, हाताने केलेली दुरुस्ती यांपुढे त्यांचा अंदाज चुकतो. आणि तारीख, रक्कम किंवा हजेरीपटावरील क्रमांक यांत एका अंकाची चूकही महाग पडते. हातात खरा मजकूर असताना दुसऱ्याला अंदाजावर सोडणे हे शिक्षकाला शोभणारे नाही.

दुसरा अडसर खास आपल्या लिपीचा आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. तत्पूर्वी आणि नंतरही बरीच वर्षे आपल्याकडे जे टंक वापरात होते, त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे केवळ चित्र बसविलेले असे. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ या टंकात ‘कमल’ हा शब्द लिहिला, तर पडद्यावर ‘कमल’ दिसते. पण संगणकाच्या पोटात ‘डी’, ‘ई’, ‘वाय’ ही तीन रोमन अक्षरे साठविली जातात. पडदावाचक ती जोडून ‘डे’ असा इंग्रजी उच्चार करतो. सबंध प्रश्नपत्रिका अशी वाचली गेली म्हणजे ऐकणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र मराठी म्हणूनच साठविला जातो आणि मराठी म्हणूनच उच्चारला जातो. शिवाय तो शोधता येतो आणि कोणत्याही मोबाइलवर तसाच उमटतो, हा डोळसांचाही लाभ आहे.

तिसरा अडसर बिननावाच्या गोष्टींचा. संकेतस्थळावर नुसते भिंगाचे किंवा घराचे चिन्ह काढून बटन केले आणि त्याला नाव दिले नाही, तर अंध माणसाला ‘बटन, बटन, बटन’ असे ऐकू येते. फॉर्ममधील रकान्याला नाव जोडलेले नसेल तर येथे जन्मतारीख लिहावयाची की आधार क्रमांक, हे समजावयास मार्ग राहत नाही. ‘येथे क्लिक करा’ असे दहा दुवे एका पानावर असले, तर दुव्यांची यादी ऐकणाऱ्याच्या कानी तेच तीन शब्द दहादा येतात.

चौथा अडसर माऊसवाचून न होणाऱ्या कृतींचा: चित्र ओढून दुसऱ्या चित्रावर ठेवा, फक्त टिचकी मारली तरच उघडणारी यादी, चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारा कॅप्चा, आणि काम पुरे होण्यापूर्वीच संपणारी मुदत. पाचवा अडसर रंगाचा. ‘लाल रंगातील शब्दांचे अर्थ लिहा’ ही सूचना अंध मुलाला निरर्थक आहे, आणि ज्याला लाल-हिरव्यातील भेद कळत नाही त्या मुलालाही ती अडविते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील पिवळी किंवा फिकट करडी अक्षरे अल्पदृष्टीच्या वाचकाला लागतच नाहीत.

हे दोष सर्व जगभर आढळतात. ‘वेबएम’ ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लक्ष संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२४ सालच्या तपासणीत शेकडा ९५.९ मुखपृष्ठांवर काही ना काही दोष सापडले. त्यांतील बहुतेक दोष पुढील सहा जातींचे होते: फिकट अक्षरे, चित्राला वर्णन नसणे, रकान्याला नाव नसणे, रिकामे दुवे, रिकामी बटने आणि पानाची भाषा न सांगणे. यांपैकी एकही दोष अवघड तंत्रामुळे उद्भवलेला नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर न पाहणारा वाचक नव्हता, एवढेच त्यांचे कारण.

यात पणास काय लागले आहे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३४ नुसार शासकीय आस्थापनांतील किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत आणि त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. आपल्या सेवेतही असे शिक्षक आहेत. अशाच एका दृष्टिहीन शिक्षकांशी माझे सविस्तर बोलणे झाले. ते संगणकावर माझ्याहून जलद मराठी लिहितात. मुलांचे निकाल स्वतः तयार करतात. परंतु सभेची सूचना फोटोरूपाने आली की त्यांना मुलगा शाळेतून घरी येईपर्यंत थांबावे लागते. एखाद्या पोर्टलवर कॅप्चा आला की स्वतःचा पासवर्ड शेजारच्या माणसाला सांगून त्याच्याकडून माहिती भरून घ्यावी लागते. त्यांचे म्हणणे असे की, दृष्टी नाही याची सवय झाली आहे, पण स्वतःच्या वेतनाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सवय होत नाही.

मंडळी, येथे दयेचा प्रश्न नाही. या गृहस्थांची अडचण त्यांच्या डोळ्यांनी निर्माण केलेली नाही. ती आपण पाठविलेल्या फोटोने निर्माण केली आहे, आणि तोच मजकूर अक्षररूपाने पाठविला असता तर ती क्षणात नाहीशी झाली असती. आपल्या वर्गातील अंध मुलाचेही तसेच. तो इतर मुलांबरोबर बसतो, ऐकतो, तोंडी उत्तरे देतो. आणि स्वाध्याय चित्ररूपाने घरी गेला की त्या दिवशी त्याचे शिक्षण तेथेच थांबते. हळूहळू तो मुलगा ‘अभ्यासात मागे’ म्हणून नोंदविला जातो. मागे पडण्याचे कारण त्याच्या बुद्धीत नव्हते, ते आपल्या कागदात होते, हे मग कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कायद्याचीही हीच दृष्टी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ साली मान्यता दिली. २०१६ च्या अधिनियमातील कलम १६ शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकते. कलम १७ नुसार पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साधने विनामूल्य द्यावयाची आहेत. आणि कलम ४२ श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना सुगम स्वरूपात असावा असे सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सुगमता ही राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानली आहे.

संकेतस्थळे व आज्ञावली कशी असावीत याचे जागतिक नियम ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या संस्थेने प्रथम १९९९ साली प्रसिद्ध केले. त्यांची सुधारलेली आवृत्ती २.२ ही २०२३ सालची आहे. या नियमांचा विस्तार मोठा आहे, पण त्यांची चार सूत्रे शिक्षकाला परकी वाटणार नाहीत. मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला जाणवावा, तो कळफलकानेही वापरता यावा, तो समजावा, आणि वेगवेगळ्या साधनांवर तो टिकून राहावा. चांगल्या पाठाची लक्षणे तरी याहून निराळी कोठे आहेत?

शिक्षकांनी काय करावे?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुढील गोष्टींना पैसा लागत नाही. सवय मात्र लावावी लागते.

१. मजकूर अक्षररूपाने पाठवावा. सूचना असेल तर ती संदेशातच टंकलिखित करावी. वर्डमध्ये तयार केलेली प्रत थेट पी.डी.एफ. म्हणून साठवावी, छापून, स्कॅन करून नव्हे. सही-शिक्क्याची प्रत आवश्यक असेल तेथे ती अवश्य जोडावी, परंतु तिच्यासोबत अक्षररूप प्रतही द्यावी. फोटो पाठविणे अपरिहार्य असेल तर त्याखाली मजकुराचा सारांश, तारीख, वेळ व स्थळ लिहावे.

२. युनिकोडमध्येच लिहावे. इनस्क्रिप्ट असो वा उच्चारानुसारी कळफलक असो, युनिकोड असले म्हणजे झाले. जुन्या टंकातील प्रश्नसंच युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने विनामूल्य मिळतात. मात्र बदलानंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत.

३. शीर्षके खरी द्यावीत. अक्षर ठळक व मोठे केले म्हणजे शीर्षक झाले असे पडदावाचक मानत नाही. वर्डमध्ये ‘हेडिंग’ची शैली निवडली तरच तो ते शीर्षक म्हणून ओळखतो. वेबएमच्या एका पाहणीत, लांबलचक पानावर हवी ती माहिती शोधण्यासाठी दहापैकी सात अंध वाचक प्रथम शीर्षकांचाच आधार घेतात असे आढळले. शीर्षकांवाचूनचे वीस पानांचे टिपण म्हणजे अनुक्रमणिका व पृष्ठांक फाडून टाकलेले पुस्तक होय.

४. चित्राला वर्णन जोडावे. वर्डमध्ये चित्रावर उजवी टिचकी दिली असता ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणजे पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय असते. ‘चित्र ३’ किंवा ‘वनस्पती’ एवढे लिहून भागत नाही. वनस्पतीचे भाग शिकवावयाचे असतील तर असे लिहावे: ‘एका रोपाची आकृती. जमिनीखाली सोटमूळ व त्याला फुटलेली बारीक मुळे. जमिनीवर सरळ खोड. खोडावर एकाआड एक चार पाने. शेंड्याला एक फूल.’ वर्णन पाठाच्या हेतूप्रमाणे बदलते. बाजाराचे एकच चित्र गणितात भाव शिकविण्यासाठी असेल तर भावाच्या पाट्या सांगाव्यात, भाषेत संवादासाठी असेल तर माणसे काय करीत आहेत ते सांगावे. प्रश्नपत्रिकेत मात्र वर्णनातून उत्तर फुटू नये याची दक्षता घ्यावी. ‘प्राणी ओळखा’ या प्रश्नाच्या चित्राखाली प्राण्याचे नाव न लिहिता त्याची लक्षणे लिहावीत. केवळ शोभेच्या चित्राला वर्णनाची गरज नाही.

५. प्रश्नांची मांडणी कानाने तपासावी. जोड्या लावा हा प्रश्न आपण दोन स्तंभांत देतो. पडदावाचक आडव्या क्रमाने वाचतो. त्यामुळे पहिल्या गटातील पहिला शब्द आणि दुसऱ्या गटातील पहिला शब्द लागोपाठ ऐकू येतात व मुलाला तीच जोडी वाटण्याचा संभव असतो. म्हणून ‘अ’ गट सबंध देऊन मग ‘ब’ गट द्यावा. गाळलेल्या जागेसाठी नुसते ठिपके किंवा रेघ दिली तर पडदावाचक कधी ‘टिंब, टिंब’ असे म्हणत बसतो, कधी मुळीच काही न बोलता पुढे जातो. म्हणून तेथे कंसात ‘रिकामी जागा’ असे शब्द लिहावेत. मोकळी जागा सोडीत सोडीत स्पेसच्या कळीने तक्ता बनवू नये. तक्त्याच्याच सोयीने तक्ता करावा आणि पहिल्या ओळीत स्तंभांची नावे द्यावीत.

६. चित्रफितीत कृती बोलून दाखवावी. ‘आता हे इकडे घातले, बघा काय झाले!’ असे म्हणण्याऐवजी ‘अर्ध्या पेला पाण्यात दोन चमचे मीठ घातले, ढवळल्यावर मीठ दिसेनासे झाले’ असे म्हणावे. याने अंध मुलाचे काम होतेच. शिवाय डोळस मुलांचे लक्ष वेधले जाऊन त्यांची शब्दसंपत्तीही वाढते.

७. शाळेसाठी एखादी शैक्षणिक आज्ञावली किंवा डिजिटल वर्गाचे साहित्य घ्यावयाचे असेल, तर विक्रेत्यास प्रथम विचारावे की ती पडदावाचकाने चालते काय, आणि तसे चालवून दाखविण्यास सांगावे. एखाद्या पोर्टलवर अंध सहकाऱ्याचे काम अडले तर कोणत्या पानावर, कोणत्या बटनापाशी अडले ते नेमके लिहून वरिष्ठांकडे कळवावे. नेमकी तक्रार दुरुस्त होऊ शकते. मोघम तक्रार फायलीत पडून राहते.

दोन शंका

पहिली शंका अशी की, ‘आमच्या शाळेत एकही अंध मूल नाही.’ नसेल, परंतु पालकांच्या गटात एखादे आजोबा मोतीबिंदूने त्रस्त असतील, एखाद्या आईला अक्षरओळख बेताची असेल. मोबाइलने वाचून दाखविलेली सूचना या दोघांनाही उपयोगी पडते. शिवाय अंध मूल पटावर आल्यानंतर साहित्य बदलावयास बसलो, तर त्याचे निम्मे वर्ष वाया गेलेले असते.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. संगणक बोलू लागला, मग ब्रेल शिकविण्याची गरज उरली काय? अवश्य उरली आहे. केवळ ऐकून भाषा येते, लेखन येत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा. यंत्राच्या आवाजात हा ह्रस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ लोपतो. बोटांखाली ब्रेलमध्ये मात्र तो स्पष्ट लागतो. शब्दाचे अवयव, विरामचिन्हे, गणितातील मांडणी यांचा परिचय हाताला झाला पाहिजे. म्हणून समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांच्या साहाय्याने ब्रेल चालू ठेवावी आणि तिच्या जोडीला संगणक द्यावा. पुस्तकांसाठी २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना तेथे सभासद होता येते. त्याची माहिती अशा मुलांच्या पालकांना जरूर द्यावी.

एक प्रयोग

शेवटी एक छोटासा प्रयोग सुचवितो. आपल्या पुढील शिक्षण परिषदेत दहा मिनिटे यासाठी काढावीत. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या भागात टॉकबॅक असते. ते सुरू केल्यावर पडद्यावर एक बोट उजवीकडे सरकविले की पुढची गोष्ट वाचली जाते आणि कोठेही दोनदा टिचकी दिली की ती उघडते. बंद करावयाचे झाल्यास याच रीतीने त्याच जागी जाऊन बंद करावे. मग डोळे मिटून गटावरील गेल्या आठवड्यातील सूचना ऐकाव्यात. कोणत्या सूचना समजल्या आणि कोठे नुसता ‘फोटो’ एवढाच शब्द कानी आला, याची नोंद वहीत करावी. जेथे फोटो निघेल त्या सूचना त्याच बैठकीत अक्षररूपाने पुन्हा लिहून पाठवाव्यात. माझ्या तासाभराच्या बोलण्याने जे पटणार नाही ते या दहा मिनिटांत पटेल, असा मला विश्वास आहे. मात्र डोळे मिटण्याच्या या खेळावरून अंधत्व कसे असते ते आपल्याला कळले, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्याला एवढेच कळावयाचे आहे की आपला मजकूर वाचला जातो की नाही. तो कसा हवा, हे ठरविताना जवळपासच्या अंध सहकाऱ्यास किंवा विद्यार्थ्यास विचारावे आणि त्याचे म्हणणे प्रमाण मानावे.

बंधुभगिनींनो, गावातील प्रत्येक मूल शाळेच्या दारातून आत यावे यासाठी आपण उन्हातान्हातून घरोघर हिंडतो. आत आलेल्या मुलाला पान उघडले आणि वाचता आले नाही, तर ते दार अर्धेच उघडले असे म्हणावे लागेल. उरलेले अर्धे उघडणे बव्हंशी आपल्या हाती आहे आणि त्यास वेगळे अनुदान लागत नाही. प्रत्येक केंद्राने येत्या महिन्यापासून आपल्या सर्व सूचना अक्षररूपाने देण्याचे ठरवावे आणि त्याचा अनुभव पुढील परिषदेत मांडावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.